सतरा नंबरचं रक्त

१२ जानेवारी १९८६, रविवार

पुन्हा तिच्याच मांडीवर!

ताईच्या सासरी, बेसाला जाऊन आलो. स्कूटर अंगणात थांबत नाही तो छबी उतरून थेट आत. ताई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पोरगी गेली, ताईकडे पाठ केली आणि तिच्या मांडीत बसली. एक तास! घड्याळ लावून बघितलं मी. ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, "ये वं बाई" म्हटलं नाही, बघितलंसुद्धा नाही. शेंगा सोलत राहिली. आणि माझी पाच वर्षांची पोर, जी माझ्याजवळ आली की लाकडासारखी ताठ होते, ती तिथे मऊ पडून होती.

देवाजी भाऊजी म्हणाले, "पोरगी मावशीचीच हाये जनू!" हे हसले. मीही हसले. काय करणार, दात दाखवले.

ताईला लग्नाच्या बारा वर्षांत मूल नाही. लोक म्हणतात, भागीरथाबाईची माया वाया जाऊन राहिली. माझी माया काय उकिरड्यावर पडली आहे? न्हाऊ-माखू मी घालते. अंगावर उलटी घेते मी. अर्ध्या दिवसाची रजा टाकून डॉक्टरांच्या दारात बसते मी. आणि मांडी तिची!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या काकूंनी छबीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोल हो बाळ." मग एकदम ओशाळल्या. माझी पोर कडू बोलली तरी चालेल हो! एक शब्द बोलू दे.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मुलांच्या मनाचे डॉक्टर, दोन महिन्यांनी नंबर लागला. छबीला त्यांनी दहा मिनिटं बघितलं. ती टेबलाखालच्या पंख्याच्या वायरशी खेळत होती. नंतर मला अर्धा तास विचारलं. नोकरी कधीपासून? मूल किती महिन्यांचं असताना परत रुजू झालात? हे मूल हवं होतं का? तुमची आई तुम्हाला जवळ घ्यायची का?

मग म्हणाले, याला ऑटिझम म्हणतात. पहिल्यांदा ऐकला शब्द. आई मनाने थंड असली की मूल आत आत जातं, असं म्हणाले. अगदी सौम्य आवाजात. चहात किती साखर विचारावं तसं.

"कुणाजवळ जाते का ती?"

हे लगेच म्हणाले, "मावशीजवळ जाते ना! तिच्या मांडीतून उठतच नाही."

"मग ठेवा की तिकडे वर्ष-दोन वर्ष. आईपासून थोडं लांब."

हे मान डोलावून राहिले होते! मी थंड! छबीच्या तापात तीन दिवस पाठ टेकली नाही ती मी थंड, आणि जी बाई तोंडातून शब्द काढत नाही ती ऊबदार! अंगाचा नुसता तिळपापड झाला. स्कूटरवर मागे बसून सदरच्या त्या दवाखान्यापासून घरापर्यंत रडले. यांना वाटलं वाऱ्याने नाक वाहतं आहे.

१८ जानेवारी

ठरलं म्हणे. होळी झाली की छबीला बेसाला पोहोचवायचं. यांनी ठरवलं, सासूबाईंनी मान हलवली. मला कुणी विचारलं? "तुझ्याच भल्यासाठी आहे गोपिका. तुझी सख्खी बहीण आहे, परकी थोडीच?"

परकी असती तर बरं झालं असतं. लहानपणापासून हेच. भागी शांत, गोपी आगाऊ. भागीला राग येत नाही, गोपीच्या नाकावर राग. आता पोरगीही तिचीच करा म्हणजे संपलं!

२० जानेवारी, सोमवार

प्रयोगशाळेत अरुंधती मॅडमनी विचारलं, डोळे का सुजले? या आमच्या बायोकेमिस्ट्रीच्या लेक्चरर, मी तिथली तंत्रज्ञ, वर्षभरापासून त्यांच्या प्रबंधासाठी रक्ताचे नमुने मीच तपासते आहे. मॅडम फारशा कुणाच्या घरचं विचारत नाहीत. आज विचारलं आणि मी सगळं ओकले.

त्या म्हणाल्या, "गोपिकाबाई, आईच्या थंडपणाची गोष्ट आता जुनी झाली. तुम्ही वर्षभर काय मोजून राहिलात, माहीत आहे ना?"

सेरोटोनिन मोजते, हे माहीत होतं. मेंदूत निरोप इकडून तिकडे नेणारं द्रव्य. पण ही मोजदाद कशासाठी, ते कधी मन लावून ऐकलंच नव्हतं. मॅडमनी पाटीवर काढून दाखवलं. रक्तात बारीक चकत्या असतात, प्लेटलेट. त्या हे सेरोटोनिन आत ओढून घेतात आणि साठवतात. अशा काही मुलांच्या रक्तात ते जास्त सापडतं. चकत्या जास्त ओढतात की कसं, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. बाहेरदेशी म्हणतात, काही घराण्यांतच ते वर असतं, आई-बाप, भावंडं यांच्यातसुद्धा. सगळ्याच मुलांत नसतं. आणि त्यानेच रोग होतो असंही म्हणता येत नाही. मॅडम दर वाक्याला "कदाचित" म्हणत होत्या.

मला त्यांचं "कदाचित" ऐकूच येत नव्हतं. रक्तात आहे म्हणजे माझ्या मनात नाही! आकडा येतो त्याचा! मशीनवर!

"मॅडम, छबीचं रक्त घ्या."

२८ जानेवारी, मंगळवार

घेतलं रक्त. माझ्या हाताने.

छबी मला हात लावू देईना. किंचाळली, खुर्चीखाली शिरली, शिपाई मुकुंद धरायला आला तर त्याला चावली. शेवटी हे बेसाला जाऊन ताईला घेऊन आले. ताई स्टुलावर बसली. छबी तिच्या मांडीत. हात पुढे केला तो ताईने, छबीने हूं की चूं केलं नाही. म्हणजे बघा कसं झालं. मांडी देणारी ती, आणि सुई टोचणारी मी! पोरगी काय लक्षात ठेवणार?

आमच्याकडे तुलनेसाठी नॉर्मल माणसाचं रक्त विकत मिळत नाही. पेशंटसोबत जो येईल तो नॉर्मल. शिपाई नॉर्मल, आम्ही तंत्रज्ञ नॉर्मल, कुणाचा काका-मामा नॉर्मल. हात पुढे करायचा, नंतर चहा आणि दोन बिस्किटं. माझी नळी तर मागच्याच आठवड्यात भरून ठेवली होती, नंबर तीन. आज मॅडम घाईत होत्या. म्हणाल्या, "बहीण आलीच आहे तर तिचंही घेऊन टाका नॉर्मलमध्ये. मधुसूदनरावांचंही घ्या, वडील म्हणून." छबी सोळा, ताई सतरा, हे अठरा.

लिहू की नको? इथे कोण वाचतं! ताईची शीर एका झटक्यात सापडली होती. तरी मी सुई बाहेर काढून दुसऱ्यांदा टोचली. मुद्दाम. तिने तोंड वाकडं केलं नाही. माझ्या कानाकडे बघत बसली. चहा घेतला, बिस्किटं छबीला दिली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीनशे बारा! नॉर्मल सगळे एकशेऐंशीच्या आत, आणि छबी तीनशे बारा! मॅडमनी स्वतः येऊन काटा बघितला. मी तिथेच रडले आणि हसले. मुकुंद म्हणाला, "काय झालं बाई, लॉटरी लागली काय?" लागली रे बाबा!

आजची घाई फक्त तिच्या नळीची होती. बाकीच्या उद्या.

संध्याकाळी यांना सांगितलं. दम लागेपर्यंत सांगितलं. यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग याच्यावर औषध आहे?"

नाही.

"मग बेसाचं तर ठरलंच आहे."

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "रक्तात हाये म्हणते, तर रक्त कोणाचं मंग? आमच्या खानदानीत तर असं कोणी नाई बाप्पा."

हे मला सुचलंच नव्हतं. थंड नाही ठरले, तर नासकी ठरेन.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझं एकशे एक्केचाळीस. यांचं एकशे अठ्ठावीस. दोघंही नॉर्मल! सासूबाईंना सांगायला जीभ वळवळत होती.

मग सतरा नंबर लावला.

तीनशे अडतीस.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून लेबल बघितलं. माझंच अक्षर. उरलेलं रक्त पुन्हा लावलं. तीनशे एकतीस.

म्हणजे माझ्या पोटची पोर, नऊ महिने मी वागवलेली, आणि रक्त कुणावर गेलं? तिच्यावर! मांडी नेली, आता रक्तही नेलं! मशीन बंद करून मी मागच्या जिन्यात जाऊन बसले. मले काहून काहीच नाही ठेवलं देवानं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी वही बघितली. सतरावर बोट ठेवलं. "हे काय? नॉर्मलचं एवढं येत नाही. रक्त फुटलं असेल काढताना. दोनदा टोचलं होतं का?"

दोनदा टोचलं होतं. पण रक्त फुटलं नव्हतं. रक्तातल्या पेशी फुटल्या की नळीतलं वरचं पाणी लालसर दिसतं, मी अकरा वर्षं बघते आहे. सतरा नंबर वर स्वच्छ पिवळं होतं.

मी म्हटलं, "हो मॅडम, फुटलंच असेल."

लाल शाईने लिहिलं. रक्त फुटलेलं, रद्द.

का लिहिलं, ते मला ठाऊक आहे. तो आकडा वहीत राहिला असता तर उद्या कुणीतरी म्हणालं असतं, बघा, पोरगी मावशीचीच. तेही पुराव्यानिशी. नाही देणार! पोरगी नेत आहात ना? न्या. पण कागद नाही देणार.

८ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईच्या सासूबाईंनी रथसप्तमीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. बेसाला गेलो. चाळीस बायका, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. मी आज ठरवून ताईवर नजर ठेवली. मशीनच्या काट्यावर ठेवते तशी.

बायका आल्या तशी ती चार जणींना कुंकू लावून नाहीशी झाली. तिच्या सासूबाई, पार्वतीबाई म्हणाल्या, "आमची सून लाजाळू हाये, गरीब गाय." मी मागे गेले. ताई गोठ्यात उभी होती, दोन्ही कानांवर तळवे ठेवून. डोळे मिटलेले. छबी तिच्या बाजूला. तिचेही तळवे कानांवर!

जेवताना बघितलं. ताईच्या ताटात भाजी पोळीला शिवलेली चालत नाही. मध्ये बोटभर जागा ठेवते. छबीने शिवलेली भाजी फेकली की मी तिला धपाटा घालते! ताई बोलताना डोळ्यांत बघत नाही, कानाकडे बघते. मला जन्मभर वाटलं, ही मला मोजत नाही. एकच हिरवं लुगडं धुऊन धुऊन नेसते. मला वाटायचं, साधेपणाचा आव आणते. लहानपणी आईने घोंगडी बदलली तर दोन रात्री जमिनीवर झोपली होती. आम्हाला वाटलं, हट्ट.

छबीने केलं तर रोग. भागीने केलं तर शांत स्वभाव!

आणि खरं सांगू? हे सगळं कळून माझा जळफळाट कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. आतापर्यंत वाटत होतं, ताईला काहीतरी युक्ती येते, मलाही शिकता येईल. युक्ती नाहीच. त्या दोघी एका गावच्या आहेत. मी त्या गावची नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज काहीच झालं नाही. छबीने दिवसभर दाराची कडी वाजवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना सांगितलं. "सतरा नंबर फुटलेलं नव्हतं. आणि ती माझी सख्खी बहीण आहे. दोनदा लावलं, दोनदा तेच आलं."

वाटलं होतं, काढून टाकतील कामावरून. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मुलीची सख्खी मावशी, आणि मी तिला नॉर्मलमध्ये बसवलं! सोबत आला तो नॉर्मल! घराण्यात असतं असं स्वतःच पाटीवर काढून दाखवते, आणि..." उठल्या, वही काढली, इतर नॉर्मल तपासायला लागल्या. त्यात तीन काका, एक आजी आणि तीन नंबरवर मीही निघाले. सगळे वेगळे काढावे लागतील. चार महिन्यांचं काम गेलं.

"एका घरावरून काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "पण वहीत राहू दे."

लाल शाईखाली निळ्या शाईने आकडा परत लिहिला. खोटं का लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते?

१५ मार्च, शनिवार

यांनी छोटी पत्र्याची पेटी आणली. निळी. झाकणावर छबीचं नाव रंगवून घेतलं सदरच्या पेंटरकडून. पोरगी सासरी चालल्यासारखं! मी पेटी पायाने पलंगाखाली सारली.

यांना ताईच्या आकड्याचं सांगितलं. विचार करून म्हणाले, "मग तर चांगलंच आहे ना. तिला तिचं समजेल."

बरोबर बोलले. बरोबर बोलले म्हणून जास्त लागलं.

२७ मार्च, गुरुवार

पेटी भरली. ताईसाठी लिहून द्यायला कागद घेऊन बसले. छबी भात कोमट असेल तर खाते. केस विंचरताना मागून विंचरायचे. कुकरच्या शिट्टीआधी तिला अंगणात न्यायचं. पाच ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. ताईला काय सांगायचं? तिला न सांगता ठाऊक आहे. पाच वर्षं मार खाऊन, बोटं चावून घेऊन मी जे शिकले, ते तिला आयतंच येतं!

२९ मार्च, शनिवार

सोडून आलो. छबीने वळून बघितलं नाही. मी तीनदा बघितलं.

१ एप्रिल, मंगळवार

घर किती शांत. सासूबाई म्हणाल्या, "आता जरा आराम कर." कुकर लावला. शिट्टीच्या आधी सवयीने अंगणाचं दार उघडलं.

प्रयोगशाळेत काटा नीट वाचला नाही. दोन नमुने वाया घालवले.

४ एप्रिल, शुक्रवार

देवाजी भाऊजी महाल बाजारात आले होते, घरी डोकावले. छबी मजेत आहे म्हणे. "रडत नाई, पडत नाई. दिवसभर दोघी गोठ्यात राह्यते. एक शब्द नाई दोघींचा. काय समजते एकमेकीले, देव जाने."

मला विचारते का छबी, असं तोंडात आलं होतं. कशाने विचारणार? गिळलं.

आज मनात आलं ते लिहिते, मग पान फाडीन. मला वाटलं, छबी तिथे आजारी पडावी. थोडीशीच. ताईला झेपू नये. तिने यावं आणि म्हणावं, गोपे, तुझ्याशिवाय होत नाही.

पान फाडलं नाही.

६ एप्रिल, रविवार

दुपारी दार वाजलं. ताई! एका हातात निळी पेटी, दुसऱ्या हाताला छबी. एकटी आली, एसटीने. जी बाई एसटीच्या भोंग्याच्या आवाजाने माहेरी यायची बंद झाली, ती रविवारच्या गर्दीत उभी राहून आली.

"घे वं तुझी पोरगी."

मला वाटलं, कंटाळली. वाटून बरंही वाटलं, देवा!

ती माझ्या कानाकडे बघून म्हणाली, "माझ्याजवळ तिले काहीच मागा लागत नाई. मले आधीच समजते. मंग बोलेन काहून ती? अशी तर जन्मभर नाई बोलनार. मी बी पाच वर्साची होतपर्यंत बोलत नव्हती. आईनं तुले सांगतलं नाई, लोक नाव ठेवतीन म्हनून. तू पाळन्यात होती. सारे वावरात गेलते. तू रडून राहिली होती, रडून राहिली होती, आन् कोनीच ये ना. मंग मले बोला लागलं."

एवढं ती माझ्याशी एका दमात कधी बोललेली नाही.

"काय बोलली होतीस?"

"उगी, म्हटलं तुले," ती म्हणाली, आणि परतीची एसटी चुकेल म्हणून पाणीसुद्धा न घेता गेली.